जुन्या पॅकेजमधली चूक: कळवायची की सोडून द्यायची?

खानापूरकर
आमच्या वाचनालयाचा संगणक डेबियन १२ या फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीवर चालतो. परवा पुस्तकांची यादी छापताना 'वाऱ्यावर' हा शब्द ठळक अक्षरांत फुटला. 'ऱ्य'ची आडवी रेघ जाऊन पाय मोडलेला र आणि सुटा य उमटला. साध्या अक्षरांत सगळं नीट, कानडी नावंही नीट. मी म्हणतो, कळवायलाच पाहिजे. हा 'ऱ्य' रोज लागतो तो आपल्याला. ज्याला मराठी येत नाही त्याला तो तुटलाय हे कळणार कसं?

निपाणीकर
तळमळ पटते, तरी कळवू नका. डेबियन १२ आलं १० जून २०२३ला, आणि त्यातली पॅकेजं, म्हणजे डेबियन बांधून देतं ते प्रोग्राम नि फॉन्ट, त्या जानेवारीपासूनच टप्प्याटप्प्यानं गोठवत आणली होती, म्हणजे नव्या आवृत्त्या घेणं थांबवत आणलं होतं. मूळ प्रोग्राम लिहिणारे केव्हाच पुढं गेलेत. ते एवढंच सांगणार, नवी आवृत्ती लावून बघा. एक्सस्क्रीनसेव्हर हा स्क्रीनसेव्हरचा प्रोग्राम लिहिणाऱ्या जेमी झविन्स्कींचं आठवा. त्यांनी कधीच दुरुस्त केलेल्या चुका लोक जुन्या पॅकेजवरून कळवत राहायचे. शेवटी 'ही आवृत्ती फार जुनी आहे' असा इशारा त्यांनी प्रोग्राममध्येच घातला. २०१६मध्ये त्यावरून वाद पेटला, तेव्हा ताजं ठेवायचं नसेल तर पॅकेजच काढून टाका, असं त्यांनी डेबियनला सांगितलं. फुकट राबणाऱ्या माणसाचा वेळ खाणं मला पटत नाही.

खानापूरकर
होय की, पण मूळ लेखकाकडं जायचं मी म्हटलंच नाही. पॅकेज डेबियनचं, मग दारही डेबियनचंच ठोठवायचं. 'रिपोर्टबग' हा डेबियनचा चुका कळवायचा प्रोग्राम चालवला की आपली आवृत्ती तक्रारीत आपोआप येते. चूक कुठल्या आवृत्तीत सापडली, कुठल्या आवृत्तीत मिटली, दोन्ही तिथं नोंदवतात.

निपाणीकर
नोंद होईल, दुरुस्तीचं काय? एकदा बाहेर पडलेल्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या नि गंभीर चुकांनाच वाट मिळते. तुटका र त्यांना गंभीर वाटेल?

शहापूरच्या बाई
खानापूरकर दादांनी मला ती यादीची फाइल पाठवली होती. मी त्यापुढचं डेबियन १३ पेनड्राइव्हवरून चालवलं, संगणकावर काही न बसवता. तिथंही 'ऱ्य' तुटतोच. मग फॉन्ट बदलून पाहिला, तर ठळकसुद्धा नीट उमटलं. म्हणजे दोष प्रोग्रामचा नाही, त्या फॉन्टच्या ठळक फाइलीचा आहे. फॉन्टची आवृत्ती दोन्हीकडं तीच. इथं जुनं-नवं हा प्रश्नच नाही, म्हणून फॉन्टवाल्यांना कळवायला काहीच हरकत नाही. एवढी तपासणी न करता मात्र कुणी कळवू नये, निपाणीकरांचं तेवढं मला पूर्ण मान्य आहे.

निपाणीकर
हे असं असेल तर या फॉन्टपुरता माझा विरोध नाही. बाकी जुन्या पॅकेजबद्दल मत तेच.

खानापूरकर
बाई, फार मोठं काम केलंत. आज रात्री दोन्ही चित्रं जोडून धाडतो. 'ऱ्य' कसा दिसायला हवा हे इंग्रजीत दोन ओळींत लिहिलंय, पाठवण्याआधी तेवढं एकदा बघून द्याल का?