उचललेल्या लेखांवर चालणाऱ्या साइट्स: चोरी की प्रसार?

रानवाट (धागालेखिका)

संगणक सुरक्षेवर मी नियमित लिहिते. घरच्या वायफाय राउटरवरचा माझा एक लेख सध्या बऱ्याच साइट्सवर जसाच्या तसा सापडतो. 'मागच्या भागात आपण पाहिलं' हे वाक्यसुद्धा तसंच आहे, मागचा भाग मात्र तिथे नाही. चित्रं माझ्याच सर्व्हरवरून उघडतात, म्हणजे वाचक त्यांचे आणि डेटाचा खर्च माझा. खाली एक ओळ: 'साभार: इंटरनेट'.

हा धंदा साधा आहे. प्रोग्रॅम आरएसएस फीड (साइटवरचे नवे लेख आपोआप पुरवणारी यादी) वाचतो, नवा लेख आला की काही मिनिटांत स्वतःच्या साइटवर चढवतो, भोवती जाहिराती लावतो. लिहिण्याचा खर्च शून्य, त्यामुळे पानामागे अगदी किरकोळ पैसे सुटले तरी फायदाच. गूगलनं २०११ मध्ये 'पांडा' बदल आणून निकृष्ट आणि उचललेल्या मजकुराला शोधात खाली ढकललं, मार्च २०२४ मध्ये घाऊक मजकुराविरुद्ध नियम आणखी कडक केले. तरी एक डोमेन गेलं की दुसरं उभं राहतं, कारण जाहिरातीचे पैसे येतच राहतात. माझं म्हणणं सरळ आहे: जबाबदारी पैसे पोचवणाऱ्या जाहिरात कंपन्यांवर टाका.

जुनीवही

असहमत. 'चोरी' म्हटलं की चर्चाच संपते. २००९ मध्ये याहूनं जिओसिटीज ही लोकांना स्वतःची वेबपानं बनवू देणारी सेवा बंद केली तेव्हा लोकांनी न विचारता पानं उतरवून घेतली, म्हणून त्यातलं पुष्कळसं आज वाचता येतं. परवानगीची वाट पाहिली असती तर काय उरलं असतं? शिवाय माहिती कुणाच्या मालकीची नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात हेच सांगितलं. आणि पैसे मिळवले म्हणून नक्कल वाईट ठरते असंही नाही. विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली कुणीही छापून विकू शकतो.

रानवाट

विकिपीडियानं ती परवानगी आधीच दिलेली आहे, मी दिलेली नाही. जिओसिटीजची पानं बंद पडणार होती. माझी साइट चालू आहे. माहिती खुशाल घ्या आणि स्वतःच्या शब्दांत लिहा, त्याला माझी कधीच हरकत नव्हती.

आणि मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच आहे. त्या लेखात मी राउटरच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती सुचवली होती. पुढे तिच्यात सुरक्षेची गंभीर त्रुटी उघड झाली. मी लगेच लेख बदलला, वर ठळक सूचना टाकली. नकला आजही तीच आवृत्ती टाकायला सांगतात. प्रोग्रॅम लेख एकदाच उचलतो, दुरुस्ती बघायला परत येत नाही. ते वाचून कुणी आपलं घरचं नेटवर्क उघडं टाकलं तर त्याला उत्तर कोण देणार?

दोनओळी

मी बातम्यांचं संकलन चालवतो: मथळा, दोन ओळी आणि मूळ लेखाचा दुवा. आम्ही वाचक पाठवतो, पळवत नाही. जाहिरात कंपन्यांच्या हाती चाबूक दिलात तर त्यांची यंत्रं आधी आमच्यासारख्यांनाच बंद करतील, दाद मागायला माणूसही सापडणार नाही. आणि ताई, फीडमध्ये पूर्ण लेख कशाला देता? पहिला परिच्छेद द्या, निम्मा त्रास तिथेच संपेल.

काळीशाई

@दोनओळी, तुमचं संकलन वेगळं, त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. पण पूर्ण फीड वाचकांच्या सोयीसाठी असते. दार उघडं दिसलं म्हणून सामान उचलायची मुभा मिळत नाही. बर्न करारात (लेखकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) १९०८ पासून लेखकाच्या हक्कासाठी नोंदणीची अट नाही, © चिन्हही लागत नाही.

आता नोटिशीचं. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार होस्टिंग कंपनीला (जिच्या सर्व्हरवर साइट असते तिला) मजकूर काढण्याची नोटीस देता येते. समोरच्यानं प्रतिनोटीस (मजकूर काढणं चूक असल्याचं उत्तर) दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढतो. एका लेखासाठी परदेशात खटला कोण भरणार? त्यात नोटिशीत स्वतःचा संपर्क द्यावा लागतो आणि बहुधा ती नोटीस जशीच्या तशी नक्कल करणाऱ्याच्या हातात जाते. एकट्यानं लिहिणाऱ्या बाईनं हे दर आठवड्याला करावं, अशी अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. म्हणून रानवाट यांच्या मुद्द्याला +१.

जुनीवही

दुरुस्तीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो वजनदार आहे. नकलेवर मूळ लेखाचा दुवा आणि उतरवल्याची तारीख हवीच, आणि लेखकानं सांगितलं तर ती काढायलाही हवी. पण जाहिरात कंपनीनं परस्पर निकाल लावावा, याला माझा विरोध कायम. आधी साइटवाल्याला कळवा, उत्तराला मुदत द्या, मग पैसे थांबवा.

रानवाट

मुदत मान्य. पण त्या मुदतीतली कमाई कंपनीनं अडकवून ठेवावी, साइटवाल्याला देऊ नये.