रोहूच्या कल्ल्यांतील जिवाणू: धातुरोध तपासण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. उजनी जलाशयातील रोहूच्या कल्ल्यांतून मी एरोमोनास जिवाणू वेगळे केले असून, म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवण्याचे माध्यम) टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या चकतीला अगदी खेटून त्यांची वाढ होते, म्हणजे त्यांच्यात त्याचा रोध आहे. अँपिसिलिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला ते मुळातच दाद देत नाहीत, म्हणून तो निकाल मी गणतीत धरलेला नाही. हेच जिवाणू कॅडमियम या विषारी धातूचे क्लोराइड मिसळलेल्या न्यूट्रिएंट अगारवरही वाढले, परंतु माध्यमातील पेप्टोन (प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे) धातूचे आयन बांधून ठेवत असल्याने हा रोध खरा की माध्यमाचा परिणाम, हा प्रश्न मला सतावतो आहे. ट्रिस-बफरचे, कमी फॉस्फेट असलेले माध्यम कोणी वापरले असल्यास त्यातील घटकांचे प्रमाण कृपया कळवावे. दोन्ही रोधांची जनुके एकाच प्लाझ्मिडवर (जिवाणूतील गुणसूत्राबाहेरचा छोटा डीएनए) असतील, तर प्रतिजैविक नसतानाही धातुप्रदूषणामुळे असे जिवाणू टिकून राहतात; त्यामुळे अ‍ॅक्रिडिन ऑरेंज या रंगद्रव्याने प्लाझ्मिड घालवून दोन्ही चाचण्या पुन्हा करणे पुरेसे ठरेल का?