मदत हवी आहे: फ्रेंच ‘आंसँत’चं लॅटिन मूळ नक्की कोणतं?

नमस्कार मंडळी, लॅटिन जाणणारं कुणी आहे का इथे?

गरोदर बाईला फ्रेंचमध्ये ‘आंसँत’, इटालियनमध्ये ‘इंचिंता’ आणि स्पॅनिशमध्ये ‘एन्सिंता’ म्हणतात. तिन्ही शब्द एकाच घरचे. पण मूळ शोधायला गेलं की दोन पक्ष भेटतात. इ.स. 636 मध्ये वारलेला सेव्हिलचा बिशप इसिडोर सांगतो की ‘इन्’ म्हणजे नाही आणि ‘किंक्ता’ म्हणजे कमरपट्टा बांधलेली. पोट वाढल्यावर पट्टा आवळता येत नाही, म्हणून ‘इन्किंक्ता’, बिनपट्ट्याची! ऐकायला झकास, पण मला ओढूनताणून वाटतं. (शब्दांच्या अशा कथा जुळवण्यात हे गृहस्थ पटाईत होते.)

दुसरा पक्ष ‘इन्किएन्स’ या जुन्या शब्दाकडे बोट दाखवतो. शेतीवर लिहिणारे वारो, कोलुमेला तो जनावरांसाठी वापरतात, आपल्या ‘गाभण’सारखा. लोकांनी बोलता बोलता त्याचाच ‘इन्किंक्ता’ केला असेल का?

त्यात किल्ल्याच्या तटालाही फ्रेंच लोक ‘आंसँत’च म्हणतात. तिथे मात्र ‘इन्’ नकारार्थी नाही, अर्थ ‘वेढलेलं’.

ध्वनिबदलाच्या नियमांत यातलं काय बसतं? जाणकारांनी कृपया उलगडून सांगा. एखादा चांगला व्युत्पत्तिकोश सुचवलात तरी चालेल.