मदत हवी आहे: वडिलांची फंडाची रक्कम घरात घालावी का?

मुलुंडला वन बीएचके बघतोय, किंमत १ कोटी १० लाख. ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे साडेसत्तावीस लाख आपले, वर ६ टक्के मुद्रांक शुल्क. सध्या भाडं ३२ हजार. हप्ता साधारण ७१ हजार बसेल, आणि आम्हा दोघांचा हातात येणारा पगार मिळून सव्वा लाख.

बाबांचं एकच पालुपद : "भाडं म्हणजे पाण्यात पैसे. आम्ही एका पगारात घर केलं." निवृत्तीच्या फंडातले २० लाख द्यायला निघालेत. त्यांना पेन्शन नाही. वहीत हिशोब मांडून दाखवला, तर म्हणाले, "मोबाईल कमी बदला." (माझा फोन चार वर्षांचा आहे!)

बदलापूर-विरार सुचवू नका, बायकोची हॉस्पिटलात रात्रपाळी असते. घर फक्त तिच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण मग बाबांचे पैसे कागदावर कुठेच दिसणार नाहीत.

कोणी असं केलंय का? सवलत सोडून बाबांना करारात सहमालक करावं, की त्यांची रक्कम उसनी म्हणून लिहून द्यावी? आणि उसनी दाखवली तर बँक कर्ज कमी करते का?