पुण्याहून गोव्याला शिफ्ट व्हायचंय, घाई होतेय का?

सिंहगड रोडवरून:
नमस्कार मंडळी, नवऱ्याला कायमचं वर्क फ्रॉम होम मिळालंय, माझे क्लासेस ऑनलाइनच असतात, मुलगी चौथीत. सासूबाईंना दमा आहे, डिसेंबरात पारा १०-११ वर आला की रात्रभर उशीला टेकून बसून असतात, आणि गोव्यात तेव्हाही २० च्या आसपास असतं म्हणे, म्हणून म्हापसा नाहीतर फोंडा बाजूला जुनं कौलारू घर विकतच घ्यावं असं चाललंय. कुणी गेलंय का असं?

आता म्हापशात:
ताई मी मूळची कोथरूडची, सहा वर्षं झाली इथे. दम्याचं वाचलं म्हणून लगेच लिहितेय. थंडी सुटेल हे अगदी खरं, पण पावसाळ्याचं काय? पुण्यात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पडतो, इथे ३००० च्या घरात आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. पहिल्याच जुलैत लग्नातला शालू काढला तर घडीघडीवर पांढरी बुरशी, चपला हिरव्या, मिठाच्या बरणीत पाणी. तेव्हापासून कपाटात बल्ब लावून ठेवते, तरी खोलीला तो कुबट वास येतोच. ही ओल दम्याला थंडीइतकीच वाईट, कौलारू घरात तर जास्तच. आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा, प्लीज.
बाकी मला इथून परत यायचं नाहीये. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, गरम पाव दारात. मराठी सगळीकडे चालतं, सरकारी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाच्या भरपूर आहेत, आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल, जवळ आहे हा मोठा आधार. एप्रिल-मेमध्ये ३३-३४ च असतं पण घाम वाळतच नाही, पुण्याचे ४० परवडले असं वाटतं.

फोंड्याहून:
घर घेताना एक-चौदाचा उतारा बघा, आपल्या सात-बारासारखाच. त्यात कुळ किंवा मुंडकाराचं (मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊच नका. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक वेळा सामाईक आणि मुलांचा वाटा सहज डावलता येत नाही, त्यामुळे जुन्या घराला सह्या खूप लागतात. एका बहिणीची सही राहिली म्हणून माझा इसार दीड वर्ष अडकला होता, झोप उडाली होती अक्षरशः.

सिंहगड रोडवरून:
खूप खूप आभार दोघांचे, बुरशीचा तर विचारच केला नव्हता. आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवलं. विकत घ्यायचं तूर्त राहू दे, आधी डॉक्टर, ते हो म्हणाले तर मेपासून अकरा महिन्यांचं भाड्याचं घर बघतो, म्हणजे पावसाळा पूर्ण कळेल. म्हापसाच्या ताई, स्लॅबचं, वरच्या मजल्यावरचं, हवेशीर असं कुठल्या भागात मिळेल? समुद्रापासून लांब चालेल.

आता म्हापशात:
किनाऱ्याकडे नकोच, तिकडे सीझनला टुरिस्टांना देतात, वर्षभरासाठी कुणी तयार होत नाही. म्हापसा शहरातच बघा. शुक्रवारच्या बाजाराला येते मी, तेव्हा दोन-चार ठिकाणी विचारून कळवते.