बोटं घालून शिट्टी: नुसती हवाच येते!

अनघा_डोंबिवली: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘शिट्टी दिवसा’चं पिल्लू सोडलं आणि रविवारी गच्चीवर स्पर्धा ठरलीसुद्धा. ओठांचा चंबू करून मी अख्खं गाणं वाजवते हो, पण बोटं तोंडात घातली की फुस्स! थुंकी उडते ती वेगळीच. नवऱ्याला झकास येते, पण त्याचं शिकवणं म्हणजे ‘अगं, मार ना!’ पुढचे दोन दात कॅपचे आहेत, त्यामुळे असेल का? वर सासूबाईंचं पालुपद: तिन्हीसांजेला शिट्टी मारली की साप येतो. स्पर्धा साडेसहाला आहे!

बाल्कनीवाला: दातांना कशाला बोल लावताय? ओठ आत दुमडून दात झाकायचेच असतात. मग ते कॅपचे असोत की सोन्याचे. दोन्ही तर्जन्यांची टोकं जुळवा, त्यांनी जिभेचं टोक मागे दुमडा. बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत. कडेने हवा निसटली की संपलं, फट फक्त मधे हवी. फुंकर समोर नको, खाली, खालच्या ओठावर. आवाज त्याच्या कडेवर फुटतो. नवशिके जीभ पुरेशी मागे नेत नाहीत आणि उगाच जोर लावतात. चक्कर येईल. हळू फुंकत जिभेचा कोन बदलत राहा. रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखं घुमलं की जागा सापडली. आणि आधी हात धुवा, बाई.

रानवाट: सापाला बाहेरचे कान नसतात. त्याला जमिनीची थरथर आणि अगदी खालच्या पट्टीतले आवाज कळतात. आपली शिट्टी त्याहून वरच्या पट्टीतली, हजार हर्ट्‌झच्या वर. तेव्हा बिनधास्त मारा. स्पेनच्या ला गोमेरा बेटावर तर लोक दरीपलीकडे शिट्टीतून चक्क बोलतात, ‘सिल्बो गोमेरो’. १९९९ पासून तिथल्या शाळांत शिकवतात, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आलं. चंबूवाल्यांचा खरा उस्ताद मात्र आपल्या सह्याद्रीतच आहे, शीळकरी कस्तूर हा पक्षी. पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी ऐका. एखादं पोरगं रमतगमत सूर शोधत चाललंय असं वाटतं.

अनघा_डोंबिवली: बाल्कनीवाले, बाटली घुमली! पुढे सरकत नाही, पण घुमली. स्पर्धेत ‘सूर’ आणि ‘जोर’ असे दोन गट करायला लावलेत, नाहीतर आम्हा चंबूवाल्यांना कोण विचारतो? परीक्षक सासूबाई. सर्पशास्त्र त्यांना रानवाट यांनीच येऊन समजवावं, माझी हिंमत नाही.