हत्यार म्हणायचं की अवजार? (आणि तुमचं आवडतं कोणतं?)

खटपट्या:
घरोघरी एक तरी हत्यार असं असतं की शेजाऱ्यानं मागितलं तर आपण "बघतो, सापडलं तर देतो" म्हणतो. माझ्याकडे तो मान सागवानी रंध्याचा. बॅटरीवरचं ड्रिल खुशाल न्या, ग्राइंडर न्या, रंधा मिळणार नाही.

पण धागा त्यासाठी नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात सुतार 'हत्यारं' म्हणतात, मुलीच्या पुस्तकात 'अवजारे' छापलेलं आहे आणि रविवार पेठेतल्या दुकानांच्या पाट्यांवर 'टूल्स'. तेव्हा मंडळी, तुमचं आवडतं हत्यार सांगा, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा आणि त्याच्याबरोबर क्रियापद कोणतं येतं तेही सांगा. कोणत्या कंपनीचं चांगलं, ही भांडणं इथे नकोत.

सुरुवात करतो. रंधा 'मारतात'. वाकसानं 'तासतात'. पटाशीनं 'खाच पाडतात'. कानस नुसती 'घासतात'. विजेवरचा रंधा आला तरी तो 'मशीन रंधा' म्हणून रंधाच राहिला. भोकं पाडायचं गिरमिट मात्र ड्रिल आल्यावर नावासकट गेलं. असं का व्हावं?

अधिकमास:
आधी शीर्षकातला प्रश्न. 'अवजार' फारसीतून आलेला, हिंदीतला 'औज़ार' तोच. 'हत्यार' ऐकलं की लोकांना हत्या आठवते, पण शब्दाचं नातं हाताशी आहे. हिंदीत 'हाथ' आणि 'हथियार' शेजारी ठेवले की ते लगेच दिसतं. हातात धरायचं ते हत्यार, मग त्यानं लाकूड कापा नाहीतर आणखी काही.

वापरात मात्र मराठीनं पक्की वाटणी करून टाकली आहे. शेतीची म्हटली की अवजारं. 'शेतीची हत्यारं' म्हणालात तर चौकशीला पोलीस येतील. सुतार, लोहार, गवंडी, चांभार यांची ती हत्यारं. डॉक्टरांची उपकरणं, पण ती वापरून करायची ती शस्त्रक्रिया. न्हाव्यानं या वादात न पडता सगळं धोकटीत घातलं.

'हत्यार' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं एक पुरावा: खंडेनवमी. आश्विन शुद्ध नवमीला करवत, हातोडी, पक्कड, पाने ओळीनं मांडून हळदकुंकू वाहतात. खंडा म्हणजे तलवार; तलवारी गेल्या, पूजा राहिली. कारखान्यांतून लेथलाही झेंडूची माळ पडते. त्या दिवशी 'हत्यारं पुजली का' असंच विचारतात. 'अवजारपूजन' फक्त निमंत्रणपत्रिकेत.

कोल्हापूरहून पुण्यात:
मला एक शब्द हवाय. इथे बोहरी आळीत एका दुकानात "डिसमिस दाखवा" असं गिऱ्हाईक म्हणालं आणि दुकानदारानं स्क्रूड्रायव्हर काढून दिला. आमच्याकडे हे मी कधी ऐकलं नव्हतं. पुण्यात असंच म्हणतात का?

खटपट्या:
पुण्यात बहुतेक जण 'स्क्रूड्रायव्हर' म्हणतात. 'डिसमिस' मुंबई आणि खानदेशाकडे जास्त चालतो. गुजरातीत तर तो सर्रास आहे. बोहरी आळीतल्या बोहरा व्यापाऱ्यांची घरची बोली गुजरातीच्या अंगानं जाणारी, त्यामुळे तिथे हा शब्द कानावर आला यात नवल नाही. नव्या नोकरदारासमोर "त्याला डिसमिस द्या" असं म्हणू नका एवढंच.

अधिकमास:
छापील मराठीत 'पेचकस'. यातला 'कस' आपल्या 'कसणे'चा वाटतो, कारण स्क्रू आपण कसतोच. पण हा फारसी 'कश', म्हणजे ओढणारा. पेच ओढून काढणारा तो पेचकश. आपण फिरवून घट्ट करतो, शब्द मात्र उलटं काम सांगतो. 'पेचात सापडणे'मधला पेच हाच.

भोसरी नाईट शिफ्ट:
वर्कशॉपमधून लिहितोय. तुमचं क्रियापदाचं बरोबर आहे, पण आमच्याकडे एकच आहे: मारणे. ड्रिल मारायचं, ग्राइंडर मारायचा, वेल्डिंग मारायचं, टॅप मारायचा, पॉलिश मारायचं. रंगसुद्धा मारतात. नवं मशीन आलं की पहिल्याच दिवशी त्याला 'मारणे' चिकटतं आणि ते आमचं होतं. मशीनचं मराठी नाव काय, हा प्रश्न शॉप फ्लोअरवर कुणाला पडत नाही.

'स्टार'बद्दल गोंधळ असतो तोही सांगून ठेवतो. चार पाकळ्यांच्या फुलीचा जो स्क्रूड्रायव्हर आपण 'स्टार' म्हणून मागतो तो फिलिप्स. हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसानं १९३० च्या दशकात तो बाजारात आणला. खरा तारा सहा टोकांचा, त्याला टॉर्क्स म्हणतात. मोबाइल-लॅपटॉप उघडायला 'स्टार' मागितलात आणि घरी येऊन बसला नाही, तर दुकानदारावर चिडू नका.

आवडतं हत्यार: पक्कड. नाशिकच्या सातपूरला बनते ती. एवढं चालेल ना, कंपनीचं नाव घेतलं नाही.

शब्दकैवारी:
'ड्रिल मारणे' हे मराठी आहे यावर आपण सगळे खूश आहोत याचंच वाईट वाटतं. 'छिद्रणी' म्हणायला काय हरकत आहे? करणी, चाळणी, गाळणी यांच्या ओळीत अगदी बसतो. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा तयार करतं आहे, ती कुणी वापरायचीच नाही का? 'दिनांक', 'महापौर' हे शब्दही सावरकरांनी सुचवलेच होते, आणि रुळले.

भोसरी नाईट शिफ्ट:
छिद्रणी ऐकायला छान आहे. पण शिफ्टमध्ये ओरडून मागायची असेल तर लोक हसतील.

खटपट्या:
कैवारी, रुळले ते शब्द कागदावरचे. दिनांक पत्राच्या डोक्यावर छापला गेला, महापौर पाटीवर लिहिला गेला. लोकांनी ते आधी वाचले आणि मग बोलले. हत्याराचं नाव आधी तोंडात येतं, तेही हात गुंतलेले असताना.

घडवलेला शब्द कामगारांत रुळतच नाही असंही नाही. 'कडबाकुट्टी' घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या मालात कडबा कापायचं यंत्र होतं आणि लोखंडी नांगर होता. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. आज गोठ्यात कुणीही 'कडबाकुट्टी' म्हणतं, मग ती हातानं फिरवायची असो की मोटारीवरची. त्या शब्दात आत काय जातं आणि बाहेर काय येतं ते दोन्ही आहे, आणि दोन्ही शब्द शेतकऱ्याचेच. 'छिद्र' हा शब्द सुतार वापरत नाही. तो 'भोक' म्हणतो. 'भोकणी' सुचवली असतीत तर निदान भांडण तरी रंगलं असतं.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यात असावं. रंध्याचं मशीन झालं तरी काम बघताना तसंच दिसतं: तळ लाकडावर, पातं खाली, साल निघते. गिरमिट दोन्ही हातांनी पिळायचं असतं. ड्रिलमध्ये तो पीळ दिसेनासा झाला, मग जुनं नाव कशाला धरून ठेवायचं? बाकी गिरमिट हवंच असेल तर हुबळीला जा, तिथे कुरमुऱ्यांचं गिरमिट खायला मिळतं.

ओळंबा:
तुम्ही सगळे लाकूड आणि लोखंडात अडकलात. गवंड्याकडे या. त्याच्याकडेही रंधा आहे, पण त्याला पातं नसतं. प्लास्टर ओलं असताना फिरवायची मूठ असलेली सपाट लाकडी फळी, तो त्याचा रंधा. क्रियापद पुन्हा 'मारणे'.

माझा आवडता शब्द मात्र गुण्या. काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी. फारसीत 'गुनिया', आणि त्याच्यामागे ग्रीक 'गोनिया' म्हणजे कोन. शाळेतल्या 'पॉलिगॉन'मधला गॉन तोच. कुठल्या कुठे फिरून हा शब्द गवंड्याच्या घमेल्यात आला, आणि घमेलंही बाहेरचंच, पोर्तुगीज 'गामेला'. मेस्त्री पोर्तुगीज, बिजागरी पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज. पोर्तुगीजात 'शाव्ह' म्हणजे किल्लीही आणि पानाही. आपल्याकडे ड्रिलचा चक (बिट धरणारा जबडा) आवळायच्या त्या दातेरी तुकड्याला 'चावी' म्हणतात, तेव्हा नकळत दोन्ही अर्थ साधतात.

गुण्या हत्यार म्हणून एक, आणि बोलण्यात वेगळाच. "भिंत गुण्यात नाही", "चौकट ओळंब्यात नाही" असं बोलतात (ओळंबा म्हणजे उभी रेषा बघायचं दोरीला टांगलेलं वजन). हत्याराचं नाव घेतलं की मोजमाप आपोआप आलं. पेठांतल्या जुन्या वाड्यात फर्निचर करून घेतलं असेल त्यांना हे वाक्य पाठ असणार: कपाट गुण्यात आहे, खोली नाही. मोठ्या खोलीला पट्टी पुरत नाही. तेव्हा कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांत तिरकं माप बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा गुण्यात. जास्त भरलं तर कोन उघडा, कमी भरलं तर मिटलेला.

कोल्हापूरहून पुण्यात:
"गिट्टी" पण घ्या ना. मी भिंतीत पडद्याची दांडी बसवायला गिट्टी आणायला गेलो, तर माझ्यासोबतचा मित्र म्हणाला, खडी कशाला हवी?

ओळंबा:
दोन्ही खरं. रस्त्यावरची गिट्टी म्हणजे फोडलेली खडी, दुकानातली गिट्टी म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी. पूर्वी भिंतीत लाकडाचा तुकडा ठोकून त्यात स्क्रू पिळायचे. मग 'रावल प्लग' आला, तो रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज माणसाचा. पुढे १९५८ मध्ये आर्टुर फिशर या जर्मन माणसानं नायलॉनचा प्लग काढला, म्हणून काही दुकानांत अजून 'फिशर द्या' म्हणतात. दोन माणसांची आडनावं सामान्यनामं होऊन आपल्या भिंतींत बसली आहेत.

मागताना आकडा सांगा: ६ ची किंवा ८ ची. ६ च्या गिट्टीला ६ मिलिमीटरचंच बिट. ड्रिलची हॅमरची कळ विटेला-काँक्रीटला चालू ठेवा. वर टाइल असेल तर टाइल पार होईपर्यंत बंद, नाहीतर तडा जातो.

विळीवाली:
एवढ्या चर्चेत स्वयंपाकघर कुणालाच आठवलं नाही. माझं आवडतं हत्यार विळी. होय, हत्यारच. आणि क्रियापदाचं म्हणाल तर भाजी 'कापत' नाहीत, 'चिरतात'. नारळ 'खवतात'. सुपारी अडकित्त्यानं 'कातरतात'. शेंगा सोलायला काही लागत नाही. तुम्ही सगळं 'मारता', आमच्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे.

सुतारांसाठी एक सांगते. सुरीत भाजी स्थिर आणि पातं हलतं. विळीत पातं स्थिर, भाजी हलते. तुमच्या टेबल सॉचंही तेच तत्त्व ना? म्हणून विळीवर बसून दोन्ही हात मोकळे राहतात आणि बोटंही तशीच जातात, नीट बसला नाहीत तर. मालवणीत हिला 'आडाळो' म्हणतात, आणि 'विळा' म्हणजे शेतातला, ती वेगळी वस्तू. अडकित्त्यांची हौस असेल तर केळकर संग्रहालयात जा. घोड्याच्या, माणसांच्या आकृतींचे अडकित्ते बघून साधा अडकित्ता घ्यावासा वाटणार नाही.

शब्दकैवारी:
विळीवाल्यांशी सहमत. शब्दांची खरी श्रीमंती इथे आहे. 'मारणे' ही गरिबी आहे.

भोसरी नाईट शिफ्ट:
गरिबी नाही हो, घाई आहे. आणि आमच्याकडेही बारकावे आहेत. नटचे 'आटे गेले' म्हणजे झिजले. 'आटे पाडायचे' म्हणजे नवे कापायचे. 'आटे चढले' म्हणजे वाकडा बसून एकावर एक गेले. तीन क्रियापदं, तीन वेगळे खर्च.

अधिकमास:
कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं 'मठारणे' राहिलं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ते एकसारखे टोले पाडतात, ते मठारकाम. दिसायला नक्षी, पण भांडं त्यानं ताठही होतं; ठोकल्यानं तांबं कडक होतं, म्हणून घडवताना मध्ये मध्ये तापवून मऊ करावं लागतं. 'ठोकणे' म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही.

कोल्हापूरहून पुण्यात:
शेवटचं विचारतो. लाकडात स्क्रूसाठी आधी हातानं छोटं टोक मारून घ्यायचं, त्या टोकदार हत्याराला दुकानात काय म्हणून मागू? घरी आम्ही 'टोच्या' म्हणतो.

खटपट्या:
टोच्या म्हणालात तर कळेल, पण भांड्यांच्या दुकानात बर्फ फोडायचा देतील; त्याची दांडी सागात वाकते. चांभाराची आरी नको, दाभण तर नकोच, ते पोतं शिवायला. हार्डवेअरच्या दुकानात 'पोकर' मागा, इलेक्ट्रिशियन वापरतात तो. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर लाकडी मुठीचा जुनाही मिळेल. घेताना मूठ धरून दांडी पिळून बघा, आत फिरत असेल तर ठेवून द्या.